किडनीत गाठी, मेंदूत फुगा : डोके कुणाचे तपासायचे?

पॉलिसिस्टिक किडनीचा आनुवंशिक आजार असलेल्या साधारण दर दहा माणसांमागे एकाच्या मेंदूतील धमनीवर फुगा असतो. सर्वसामान्यांत हे प्रमाण तीस माणसांमागे एक असे आहे. या दोन आकड्यांबद्दल आता फारसे दुमत राहिलेले नाही. दुमत आहे ते पुढच्या प्रश्नावर. किडनीत गाठी आहेत, पण डोक्याची काहीच तक्रार नाही, अशा माणसाला ‘मेंदूचे एमआरए (धमन्या दाखवणारे एमआरआय) करून घ्या’ असे सांगायचे का? सांगायचे तर सगळ्यांना, की काहींनाच? आणि फुगा सापडलाच तर त्याचे काय करायचे? गेली चाळीसेक वर्षे मूत्रपिंडतज्ज्ञ, न्यूरोसर्जन आणि रेडिओलॉजिस्ट या प्रश्नांवर वाद घालत आहेत. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२५च्या सुरुवातीला या आजाराची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यामुळे बरीच धूळ खाली बसली असली, तरी निकाल लागलेला नाही.

आजाराची तोंडओळख

किडनीत एखादी पाण्याची गाठ पन्नाशीनंतर कुणाच्याही सोनोग्राफीत दिसते. ती निरुपद्रवी असते आणि तिचा या लेखाशी संबंध नाही. इथे विषय आहे तो दोन्ही मूत्रपिंडांत शेकड्यांनी गाठी होणाऱ्या आजाराचा. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग मुलगा असो की मुलगी. साधारण हजार माणसांमागे एकाला तो असतो असे धरले जाते. म्हणजे दुर्मीळ म्हणावा असा हा आजार नाही.

दोष मुख्यतः दोन जनुकांत असतो. सोळाव्या गुणसूत्रावरचे पीकेडी-१ हे १९९४ मध्ये सापडले आणि चौथ्या गुणसूत्रावरचे पीकेडी-२ हे १९९६ मध्ये. तीन-चतुर्थांशांहून अधिक कुटुंबांत दोष पहिल्या जनुकात असतो, आणि अशा घरांत किडनी लवकर निकामी होते. गाठी लहानपणापासूनच वाढत असतात, पण माणसाला पत्ता नसतो. तिशीच्या आसपास रक्तदाब चढतो, कधी कुशीत दुखते, कधी लघवीतून रक्त जाते, आणि सोनोग्राफी झाली की उलगडा होतो. घरात आजार असेल तर पंधरा ते एकोणचाळीस या वयात दोन्ही मूत्रपिंडांत मिळून तीन गाठी दिसल्या तरी निदान पुरेसे मानतात. साठीपर्यंत निम्म्या रुग्णांवर डायलिसिसची किंवा प्रत्यारोपणाची वेळ येते.

पोलंडचा राजा स्टीफन बाथोरी १५८६ मध्ये वारला. शवविच्छेदनात त्याची मूत्रपिंडे बैलाच्या मूत्रपिंडांएवढी मोठी आणि उंचसखल होती, अशी नोंद त्याच्या शल्यवैद्याने केली. या आजाराची सर्वांत जुनी नोंद म्हणून तिचा उल्लेख होतो. आजाराला त्याचे आजचे नाव मात्र १८८८ मध्ये पॅरिसच्या फेलिक्स लेजार यांनी दिले.

संबंध लक्षात कसा आला

मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते आणि त्यातून फाटे फुटतात. या फाट्यांच्या बेचक्यात धमनीची भिंत कमकुवत झाली, की रक्ताच्या दाबाने तिथे फुगवटा येतो. जुन्या सायकलच्या ट्यूबला रबर विरल्या जागी फुगा यावा, तसाच हा प्रकार. फुगा फुटला की मेंदूभोवतीच्या पोकळीत रक्त पसरते. असा रक्तस्राव झालेल्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक लोक दगावतात आणि वाचलेल्यांतल्या अनेकांना कायमचे अपंगत्व येते.

गाठींची मूत्रपिंडे आणि मेंदूतले फुगे एकाच देहात सापडतात, हे शवविच्छेदन करणाऱ्यांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नजरेस आले होते. १९५१ मध्ये ब्राऊन यांनी ‘ग्लासगो मेडिकल जर्नल’मध्ये अशा नोंदी एकत्र करून दोन्हींच्या नात्याची चर्चा केली. १९५७ मध्ये डेन्मार्कच्या डालगार्ड यांनी २८४ रुग्ण आणि त्यांची कुटुंबे तपासून आजाराचे आनुवंशिक रूप पक्के केले. परंतु तोवर हे सगळे ज्ञान मेल्यानंतरचे होते. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या पाहायच्या तर एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये शोधलेली अँजिओग्राफी करावी लागे, आणि धमनीत नळी घालून केलेल्या त्या तपासणीतच धोका होता. या वादाचा पुढचा इतिहास बराचसा तपासणीच्या यंत्रांचा इतिहास आहे. यंत्र बदलले की मत बदलले, असे दोनदा तरी झाले.

दोष भिंतीचा की दाबाचा?

सर्वांत सोपे स्पष्टीकरण म्हणजे रक्तदाब. या रुग्णांचा रक्तदाब तरुणपणीच वाढतो आणि वाढलेला रक्तदाब हे फुग्याचे एक ठाऊक असलेले कारण आहे. मग वेगळे काय शोधायचे? अडचण अशी, की ज्यांचा फुगा फुटला अशा रुग्णांच्या मालिकांत पाव हिश्श्याहून अधिक लोकांचा रक्तदाब सामान्य होता, आणि जवळपास निम्म्यांच्या किडनीचे कामही सामान्य होते. दाब हे एकच कारण असते, तर असे दिसले नसते.

दुसरे स्पष्टीकरण भिंतीकडे बोट दाखवते. पीकेडी जनुकांपासून बनणारी पॉलिसिस्टिन प्रथिने मूत्रपिंडाच्या नळ्यांप्रमाणेच धमन्यांच्या स्नायुपेशींत आणि आतल्या अस्तरातही असतात. रक्ताच्या प्रवाहाचे घर्षण जाणवणे आणि त्यानुसार पेशीत कॅल्शियम आत घेणे, या कामात त्यांचा वाटा आहे. ही जनुके बंद पाडलेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्या ठिसूळ निघतात आणि त्यांतून रक्त झिरपते. माणसांतही या आजारात धमनीच्या भिंतीचे पदर सुटण्याचे प्रकार आढळतात. एवढ्या पुराव्यावरून भिंत जन्मतःच कच्ची असते असे बहुतेक अभ्यासक मानतात. रक्तदाब आणि धूम्रपान तिच्यावर भार टाकतात.

तरीही एक कोडे उरते. दोष प्रत्येक रुग्णात असतो, मग फुगा दहांतल्या एकालाच का? आणि एकाच घरात तीन-तीन जणांना का? २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये रोसेटी आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले, की मेंदूतल्या फुग्यांची घराणी आणि पीकेडी-१ मधल्या दोषाची जागा यांत काही नाते दिसते, दोष जनुकाच्या सुरुवातीच्या भागाकडे असला, तर धोका अधिक. पुढच्या अभ्यासांत हे नाते तितके ठळक उतरले नाही. पीकेडी-२ च्या घरांतही फुगे असतात, हे मात्र पक्के झाले. त्यामुळे ‘तुमचा दोष सौम्य जनुकातला आहे, डोक्याची काळजी नको’ असे कुणाला सांगता येत नाही.

किडनीचे इतरही काही आनुवंशिक आजार इथे आठवावे लागतात. २००७ मध्ये फ्रान्समधल्या कुटुंबांत ‘हॅनॅक’ नावाचा विकार वर्णिला गेला. त्यात कोल-४-ए-१ या कोलॅजनच्या जनुकातल्या दोषामुळे मूत्रपिंडाचा बिघाड, स्नायूंतले गोळे आणि मेंदूतले फुगे असे सगळे एकत्र येते. हा विकार फार क्वचित भेटतो. पण धमनीची भिंत आणि मूत्रपिंडाची चाळण यांचे बांधकाम साहित्य काही अंशी सामाईक आहे, हे त्याने दाखवून दिले.

आकडे काय सांगतात

या विषयात तीन वेगवेगळे आकडे एकमेकांत मिसळले जातात आणि तिथेच अर्धी घबराट निर्माण होते. पहिला आकडा फुगा असण्याचा, दुसरा तो फुटण्याचा, तिसरा त्यावर उपचार करताना इजा होण्याचा.

पहिला बऱ्यापैकी स्थिर आहे. १९९२ मध्ये चॅपमन आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ८८ रुग्णांत चौघांना, म्हणजे सुमारे चार टक्क्यांना, फुगा सापडल्याचे लिहिले. त्यांच्याकडे सीटी आणि अँजिओग्राफी होती. एमआरए आल्यावर लहान फुगेही दिसू लागले आणि आकडा चढला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१९ मध्ये ८१२ रुग्णांचे निष्कर्ष दिले. त्यांत ७५ जणांना, म्हणजे नऊ टक्क्यांना, फुगे होते. चिनी रुग्णांच्या एका मालिकेत प्रमाण बारा टक्क्यांच्या वर गेले. २०११ मध्ये व्लाक आणि सहकाऱ्यांनी जगभरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा सर्वसामान्यांत ३.२ टक्के आणि या आजारात त्याच्या जवळपास सातपट असे गुणोत्तर निघाले. घरात कुणाला फुगा किंवा तसा रक्तस्राव झाला असेल, तर प्रमाण सोळा ते बावीस टक्क्यांपर्यंत जाते. नसेल तर सहाच्या आसपास राहते.

दुसरा आकडा दिलासा देणारा आहे. या आजारात फुगा फुटण्याचे प्रमाण साधारण दोन हजार रुग्णवर्षांमागे एक असे काढले गेले आहे. म्हणजे असे दोन हजार रुग्ण वर्षभर पाहिले, तर एखाद्याचा फुगा फुटेल. सामान्य लोकसंख्येपेक्षा हे कैक पट अधिक आहे, तरी दहा टक्के हा आकडा ऐकून जे चित्र डोळ्यांपुढे येते त्याच्या जवळपासही नाही. मेयो क्लिनिकच्याच २०११च्या पाठपुराव्यात ३८ रुग्णांचे ४५ फुगे वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवले होते; एकूण तीनशेहून अधिक रुग्णवर्षांत एकही फुटला नाही. बहुतेक सहा मिलिमीटरपेक्षा लहान होते.

आणि तरी फुटतात तेव्हा ते लवकर फुटतात. इतरांचा फुगा पन्नाशीच्या पुढे फुटतो, या रुग्णांचा सरासरी चाळिशीच्या आसपास. फिनलंडमधील कुओपिओच्या ४४३६ फुग्याच्या रुग्णांच्या नोंदींतही हाच दहाएक वर्षांचा फरक दिसला. पोरेबाळे लहान असतात, कर्जाचे हप्ते चालू असतात, त्या वयात. सरासरीच्या आकड्यात हे कुठे दिसत नाही. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही तपासणीकडे झुकतात ते बहुधा यामुळेच.

वादाच्या बाजू

१९८३ मध्ये लेव्ही, पॉकर आणि कॅसिरर यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्येच या प्रश्नाचे गणित मांडले. त्या वेळी साधन एकच होते, नळीची अँजिओग्राफी. त्यांचे उत्तर स्वच्छ होते: सरसकट करू नका. फुग्यांचे प्रमाण तीस टक्क्यांहून जास्त असेल, शस्त्रक्रियेतली इजा एक टक्क्याच्या आत असेल आणि रुग्ण पंचविशीच्या आतला असेल, तरच फायदा एका वर्षाच्या आयुष्याहून अधिक ठरेल. या अटी प्रत्यक्षात जुळणे अशक्यच होते. चॅपमन यांच्या अभ्यासाने त्यात भर घातली. या रुग्णांत अँजिओग्राफीनंतर तात्पुरते त्रास पंचवीस टक्क्यांना झाले, इतरांत दहा टक्क्यांना.

मग एमआरए आले. सुई नाही, नळी नाही, औषध टोचणे नाही, अर्धा तास बोगद्यात निजून राहायचे एवढेच. तपासणीचा धोका शून्यावर आल्याबरोबर गणित उलटले. १९९६ मधल्या एका विश्लेषणाने तरुण रुग्णांत ठरावीक काळाने एमआरए करण्याच्या बाजूने कौल दिला. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या गटाने आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने खर्च आणि फायदा दोन्ही तोलून सर्वांची तपासणी परवडते असा निष्कर्ष काढला. जपानमध्ये तर धडधाकट माणसेही हौसेने मेंदूची तपासणी करून घेतात. तिथल्या तज्ज्ञांचा कल साहजिकच तपासणीकडे आहे.

सरसकट तपासणीच्या बाजूने मुद्दा असा : कौटुंबिक इतिहास पाहून निवड केली, तर फुगे असलेले निम्म्याहून जास्त लोक निसटतात, कारण बहुतेक रुग्णांच्या घरात तसा इतिहासच नसतो. तपासणी निरुपद्रवी आहे, आणि फुटलेल्या फुग्यानंतरची शस्त्रक्रिया न फुटलेल्यापेक्षा कितीतरी वाईट.

विरोधी बाजूही तितकीच वजनदार आहे. तपासणीत सापडणारे बहुतेक फुगे तीन-चार मिलिमीटरचे, मेंदूच्या पुढच्या बाजूच्या धमन्यांवरचे असतात. २००३ मध्ये ४०६० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, आधी रक्तस्राव न झालेल्या माणसांत, अशा जागी सात मिलिमीटरपेक्षा लहान फुगे पाच वर्षांत फुटलेच नाहीत. ज्यावर काही करायचे नाही ते शोधून काढायचे, आणि माणसाला आयुष्यभर ‘डोक्यात बॉम्ब आहे’ या भीतीत ठेवायचे, याला उपचार म्हणायचे का? त्यात या विश्लेषणांतली अनेक गृहीतके हा आजार नसलेल्या लोकांच्या आकड्यांवरून घेतलेली आहेत.

केडिगोने मधली वाट धरली आहे. २०१४ मध्ये एडिनबराला भरलेल्या परिषदेत सरसकट तपासणी नको असे ठरले होते. २०२५च्या तत्त्वांनी दोन पावले पुढे टाकली. एक, प्रत्येक प्रौढ रुग्णाला या धोक्याची माहिती द्यायची. लपवून ठेवायची नाही. दोन, ज्याला स्वतःला असा रक्तस्राव झाला आहे, किंवा ज्याच्या घरात फुगा, रक्तस्राव किंवा कारण न कळलेला अचानक मृत्यू आहे, त्याची तपासणी करायची, अर्थात उपचार झेपण्याजोगी त्याची प्रकृती असेल तर. प्रत्यारोपणासारख्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी, किंवा सगळे समजावूनही मन थाऱ्यावर येत नसेल तर, रुग्णाशी बोलून ठरवायचे. तपासणी गॅडोलिनियम हे प्रतिमा ठळक करणारे औषध न टोचता केलेल्या एमआरएने व्हावी, कारण किडनी फार बिघडली असेल तर गॅडोलिनियममुळे त्वचा आणि अवयव घट्ट होण्याचा गंभीर विकार होऊ शकतो, हे २००६ पासून ठाऊक आहे.

मला ही वाट आजच्या पुराव्याला धरून वाटते. तिचा सगळा भार मात्र एका गोष्टीवर आहे, ती म्हणजे कौटुंबिक इतिहास. आपल्याकडे तिथेच पाय घसरतो. त्याकडे पुढे येतो.

फुगा सापडला तर

समजा रिपोर्टमध्ये लिहून आले : डाव्या मिडल सेरेब्रल धमनीच्या दुभंगावर साडेतीन मिलिमीटरचा फुगा, मान अरुंद, आकार गुळगुळीत. घरच्यांना यातला ‘फुगा’ एवढाच शब्द दिसतो. न्यूरोसर्जन मात्र जागा, आकार, मानेची रुंदी आणि त्याला उपफुगा आहे का, हे पाहतो. मागच्या बाजूच्या धमन्यांवरचे, वेडेवाकडे आणि वाढत जाणारे फुगे धोक्याचे. २०१४ मध्ये आलेला ‘फेझेस’ गुणांक वय, रक्तदाब, आकार, जागा वगैरेंवरून पाच वर्षांत फुगा फुटण्याची शक्यता सांगतो आणि बऱ्याच ठिकाणी वापरात आहे. गंमत अशी, की त्याच्या रकान्यांत पॉलिसिस्टिक किडनी कुठेच नाही. त्यामुळे या रुग्णांना तो लावताना डॉक्टर हाताने काहीतरी भर घालतात, आणि ती किती घालायची हे ज्याचे त्याने ठरवायचे.

उपचाराचे मार्ग दोन. कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावणे, जे वॉल्टर डँडी यांनी पहिल्यांदा १९३७ मध्ये केले; आणि मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून आत प्लॅटिनमची कॉइल भरणे, जे १९९०च्या दशकात रूढ झाले. दुसऱ्यात आता प्रवाह वळवणाऱ्या जाळ्यांचीही भर पडली आहे. कॉइलसाठी आयोडीनयुक्त औषध टोचावे लागते आणि कच्च्या किडनीला ते जड जाऊ शकते. चिमट्याला भूल आणि कवटी उघडणे हा भार. या रुग्णांच्या धमन्या हाताळताना भिंत सुटण्याची भीती अधिक, असेही काही सर्जन सांगतात. बहुसंख्य लहान फुग्यांबाबत निर्णय एकच असतो : रक्तदाब ताब्यात ठेवा, बिडी-सिगारेट आजपासून बंद, आणि ठरावीक काळाने पुन्हा एमआरए.

पहिली तपासणी स्वच्छ आली तर? श्रायर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ७६ रुग्णांचे दहाएक वर्षांनंतरचे निष्कर्ष दिले. नवा फुगा दोघांनाच झाला होता. म्हणून घरात इतिहास असेल तर पाच ते दहा वर्षांनी पुन्हा पाहावे, असा साधारण रिवाज आहे.

आपल्याकडचे चित्र

मोठ्या शहरांत एमआरए आता काही हजार रुपयांत होते, तालुक्याच्या ठिकाणी त्यासाठी जिल्ह्याला जावे लागते. फुग्यावरचा उपचार लाखांत जातो. पण खरी अडचण यंत्राची नाही. ओपीडीतला संवाद साधारण असा होतो.

‘घरात कुणाला डायलिसिस?’

‘मोठ्या आत्याला होतं.’

‘मेंदूत रक्तस्राव? ब्रेन हॅमरेज?’

‘नाही, तसं कुणाला नाही.’

‘कुणी अचानक गेलं?’

‘काका गेले. अटॅकने. बेचाळीस वर्षांचे होते.’

‘छातीत दुखलं होतं?’

‘नाही हो, शेतातून आले, डोकं धरून ओटीवर बसले, ओकारी झाली, तिथंच गेले.’

हे ऐकल्यावर कोणताही मूत्रपिंडतज्ज्ञ एमआरए लिहून देईल. पण शेवटचे दोन प्रश्न विचारायला ओपीडीत वेळ असतो का? घरी झालेल्या मृत्यूचे कारण वैद्यकीयदृष्ट्या तपासले गेलेलेच नसते, आणि गावात अचानक गेलेला प्रत्येक माणूस ‘अटॅक’नेच जातो. केडिगोने ‘कारण न कळलेला अचानक मृत्यू’ हे शब्द घातले ते आपल्याला नेमके लागू पडतात. फक्त आपल्याकडे त्या मृत्यूला कारण ‘कळलेले’ असते, आणि ते चुकीचे असू शकते. त्यात माहेरचा इतिहास सासरी कुणाला ठाऊक नसतो. आजार आईकडून आला असेल, तर मामा-मावश्यांची चौकशी राहूनच जाते.

दुसरी गुंतागुंत प्रत्यारोपणाची. भारतात बहुतेक किडन्या जिवंत नातेवाइकाकडून मिळतात. या आजारात भाऊ, बहीण, मुले यांपैकी निम्म्यांना तोच आजार असू शकतो, म्हणून दात्याची सोनोग्राफी आणि शंका असल्यास जनुकतपासणी आवश्यक असते. त्या निमित्ताने धडधाकट तिशीतल्या मुलीला पहिल्यांदाच कळते, की आपल्यालाही गाठी आहेत. तेव्हा डोक्याचा विषय कुणी काढायचा, आणि कधी? ज्याला प्रत्यारोपण करायचे आहे, त्याचे एमआरए बरीच केंद्रे आधीच करून घेतात. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे, पुरावा मात्र पातळ आहे.

तिसरी बाब विम्याची. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्यविम्यातून आनुवंशिक आजार सरसकट वगळणे घटनाबाह्य ठरवले, आणि त्याच वर्षी विमा नियामकानेही कंपन्यांना तशा सूचना दिल्या. तरीही सापडलेला फुगा ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून जाहीर करावाच लागतो आणि प्रतीक्षाकाळ लागतो. आयुर्विम्यात हप्ता ठरवताना कंपनी तो विचारात घेणारच. तपासणीआधी हे रुग्णाला सांगणे हाही सल्ल्याचाच भाग आहे. एसटीचा किंवा रेल्वेचा चालक असेल, तर नोकरीचा प्रश्नही जोडून येतो.

काय उलगडायचे आहे

सर्वांत मोठी उणीव अशी, की तपासलेले आणि न तपासलेले यांची चिठ्ठ्या टाकून समोरासमोर तुलना करणारी चाचणी झालेली नाही. फुटण्याचे प्रमाण इतके कमी आहे, की अशी चाचणी करायला हजारो रुग्ण आणि दशकभराचा काळ लागेल. त्यामुळे दोन्ही बाजू गणिती प्रतिकृतींवर बोलतात आणि गृहीतक बदलले की उत्तर बदलते.

या आजारातला लहान फुगा इतरांच्या तेवढ्याच फुग्यासारखा वागतो की अधिक बेभरवशाचा असतो, हेही नक्की नाही. पाठपुरावा झालेले फुगे शांत दिसतात. पण फुटलेल्यांतही लहान फुगे असतातच, आणि तपासणीला येणारे रुग्ण बहुधा अधिक काळजी घेणारे, रक्तदाबाची गोळी न चुकवणारे असतात. तरुणपणीच रक्तदाब काटेकोर ठेवला तर फुगे होण्याचे प्रमाण घटते का? २०१४च्या ‘हॉल्ट-पीकेडी’ चाचणीने कडक नियंत्रणाने मूत्रपिंडाची वाढ मंदावते असे दाखवले, पण मेंदूतल्या धमन्यांबद्दलचा प्रश्न सोडवायला ती आखलेली नव्हती. टोलव्हॅप्टान या औषधाबाबतही तेच, किडनीचा ऱ्हास ते सावकाश करते, धमन्यांवरच्या परिणामाचा पुरावा नाही. आणि या सगळ्या चर्चेतले बहुतेक आकडे अमेरिका, युरोप, चीन आणि जपान इथले आहेत. भारतीय रुग्णांच्या मोठ्या मालिकेवर उभे राहून बोलणे अजून शक्य नाही.

या आजाराच्या कुटुंबांनी तोवर दोन गोष्टी कराव्यात. घरातल्या थोरांना विचारून, आई आणि वडील दोन्हीकडच्या, पन्नाशीच्या आत अचानक गेलेल्या माणसांची यादी करावी. ती माणसे कशी गेली, हे सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहावे आणि तो कागद फायलीत ठेवावा. आणि ज्याला गाठी आहेत अशा कुणाचेही डोके क्षणात, कधी नव्हे इतके भयंकर दुखू लागले, मान आखडली, ओकारी झाली किंवा शुद्ध हरपली, तर डोकेदुखीची गोळी देऊन वाट पाहू नये. सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे. पहिल्या सहा तासांत झालेला सीटी असा रक्तस्राव सहसा चुकवत नाही. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना ‘यांना पॉलिसिस्टिक किडनी आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे.